एक वळसा, अर्धा वळसा

आमच्या घरात दोन सहाणा आहेत. एक देवघरात, चंदनाची. दुसरी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेली, तळहाताएवढी, मधे किंचित खोलगट झालेली. तिला चंदन कधी लागलेले नाही. घरात बाळ आले की ती खाली उतरते आणि बाळ वर्ष-दीड वर्षाचे झाले की परत वर जाते. तिच्यासोबत एक पितळी डबीही उतरते. झाकण उघडले की वेखंडाचा उग्र वास आधी येतो, मग सुंठेचा, आणि डिकेमाली असेल तर बाकी सगळे वास हरतात.

ही बाळगुटीची डबी. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना आयुर्वेदाची पहिली ओळख वैद्याच्या दवाखान्यात होत नाही, ती या डबीतून होते. लहान मुलांच्या औषधांबद्दल बोलायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी. मी वैद्य नाही. दोन मुले वाढवताना एक वैद्य आणि एक बालरोगतज्ज्ञ अशा दोघांनाही प्रश्न विचारून हैराण केले, त्यातून जे हाती लागले आणि नंतर जे वाचले, ते इथे लिहिते आहे.

सहाणेवरचा हिशेब

सहाण उकळत्या पाण्याने धुवायची आणि कोरडी होऊ द्यायची. तिच्यावर आईचे चमचाभर दूध किंवा उकळून गार केलेले पाणी घ्यायचे. मग डबीतली एकेक वस्तू उचलून त्या ओल्या दगडावर गोल फिरवायची. एक पुरा गोल म्हणजे एक वळसा. काही घरांत याला वेढा म्हणतात. हिरड्याचे दोन, मुरडशेंगेचा एक, वेखंडाचा एक, हळकुंडाचा एक, बदामाचे तीन-चार. उगाळून झाले की काडी धुवायची, पुसायची, उन्हात वाळवायची, मगच डबीत परत. जे जमले ते बोटाने निपटून बोंडल्यात घ्यायचे आणि बाळाला पाजायचे.

माझ्या सासूबाई उगाळायला बसण्याआधी चौकशी करायच्या. रात्री झोपला का, शी कशी झाली, दूध ओढतो का नीट. शी पातळ म्हटले की हिरडा बाजूला आणि मायफळ पुढे. दोन दिवस शीच नाही म्हटले की उलटे. एकदा मी जायफळाचे दोन वळसे घ्यायला निघाले तर हात धरून म्हणाल्या, "अगं, जायफळ नुसतं टेकव नि उचल. पोर दिवसभर पेंगेल नाहीतर."

गुटी म्हणजे एक ठरलेले औषध नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. ती रोज सकाळी नव्याने लिहिलेली चिठ्ठी होती आणि वळसा हे तिचे माप होते. माप फार लहान. टणक मुळी ओल्या दगडावर एकदा फिरवली तर मागे राहतो तो जेमतेम रंग. म्हणूनच वेखंडाचा एक तुकडा पाठोपाठच्या दोन बाळांना पुरतो आणि तरी बोटभर उरतो.

आता दुकानात 'बाळगुटी' नावाची पूड मिळते. सगळे जिन्नस दळून एकत्र केलेले, सोबत प्लास्टिकचा चमचा. चिमूटभर पूड म्हणजे किती वळसे, हे पुडीवर लिहिलेले नसते. पुडी महिना-दोन महिन्यांत संपते, त्यावरून अंदाज करावा. शिवाय जुलाबावरचे मायफळ आणि पोट साफ करणारा हिरडा दोन्ही एकाच चमच्यातून जातात. मला तक्रार करायची आहे ती या पुडीबद्दल. वनस्पती त्याच राहिल्या, पण माप गेले आणि विचारपूसही गेली.

डबीत काय काय

डबी घरागणिक वेगळी. कोकणात एक जिन्नस जास्त, विदर्भात दुसरा. पण हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, सागरगोटा, ज्येष्ठमध, अतिविष, नागरमोथा, काकडशिंगी, पिंपळी, कुड्याची साल, असगंध, बदाम, खारीक यांतले दहा-बारा तरी सापडतातच.

मुरडशेंग नावाप्रमाणे पीळ घातलेली असते, दोरीसारखी. पोटात मुरडा आला की पिळाची शेंग, असे तिचे साधे तर्कशास्त्र. गंमत म्हणजे पोटदुखीवर तिचा वापर इतरत्रही पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिरडा सह्याद्रीतला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे तो गोळा करतात. कोवळा, वाळून काळा झालेला तो बाळहिरडा, आणि मोठा पिवळसर सुरवारी हिरडा. गुटीला बहुतेक घरांत सुरवारी घेतात.

दोन जिन्नस मात्र झाडाचे फळही नव्हेत, मूळही नव्हेत आणि सालही नव्हेत. मायफळ हे एका जातीच्या ओकच्या फांदीवर येते. गांधीलमाशीच्या कुळातला एक बारीक कीटक तिथे अंडी घालतो आणि झाड त्या जागेभोवती गोटीसारखी गाठ वाढवते. काकडशिंगीचेही तसेच. पिस्त्याच्या कुळातल्या हिमालयी झाडावर मावा वस्ती करतो आणि पानाला शिंगासारखी पोकळ गाठ येते. दोन्ही गाठी तुरट द्रव्याने भरलेल्या असतात. कीटकाने केलेल्या जखमेवर झाडाने बांधलेली ही भिंत. तीच तुरट भिंत उगाळून आपण बाळाचे जुलाब थांबवायला बघतो. मायफळाच्या गोटीला बारीक भोक दिसले तर तिथून आतला रहिवासी उडून गेला असे समजावे. जाणकार बिनभोकाची गोटी निवडतात.

अतिविषाबद्दल मात्र गंमत नाही. ही महागडी मुळी हिमालयातून येते आणि बचनाग तिचा सख्खा भाऊबंद आहे. अतिविष चटकन मोडते, आत पांढरे असते, चवीला नुसते कडू. बचनागाने जिभेला झिणझिण्या येतात आणि तो जीवघेणा विषारी आहे. ओळखीच्या, जुन्या काष्ठौषधीवाल्याखेरीज कुणाकडूनही अतिविष घेऊ नये.

ग्रंथ काय सांगतात

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी मुलांचे ते कौमारभृत्य. आज आयुर्वेदाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातही हा स्वतंत्र विषय आहे. त्याचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. तो कित्येक शतके हरवल्यातच जमा होता. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्याकडे त्याचे अपुरे ताडपत्री हस्तलिखित होते. त्यावरून 1938 साली तो छापला गेला. मधली पाने गायबच आहेत, अध्याय तुटलेले आहेत, तरी आहे तेवढेही वाचण्यासारखे आहे. ग्रंथाची जन्मकथाही बालरोगाला शोभेल अशी. काश्यपांचे ज्ञान पाच वर्षांच्या जीवकाने संक्षेपात मांडले, पण पोराचे कोण ऐकणार? तेव्हा त्याने कनखलला गंगेत बुडी मारली आणि वर आला तो सुरकुत्या पडलेला, केस पिकलेला म्हातारा होऊन. म्हणून तो वृद्धजीवक.

सुश्रुतांनी मुलांचे तीन भाग केले: नुसत्या दुधावरचा, दूध आणि अन्न दोन्हींवरचा, आणि नुसत्या अन्नावरचा. औषधाचे मापही त्यावरच. दुधावरच्या बाळाला बोटाच्या दोन पेरांच्या चिमटीत येईल एवढे, दूध-अन्नावरच्याला बोराच्या बीएवढा कल्क, अन्नावरच्याला बोराएवढा. अंगावर पिणाऱ्या बाळाचे औषध आईलाही द्यावे, असेही सांगितले आहे. परंपरेतले दुसरे एक माप वावडिंगाचे: जन्मलेल्याला एका दाण्याएवढे आणि मग महिन्यागणिक तेवढेच वाढवायचे. हे वाचले आणि मला वळसे आठवले. ग्रंथांना आणि सासूबाईंना काळजी एकाच गोष्टीची होती.

काश्यपसंहितेत लेह म्हणजे चाटणांचा एक अध्याय आहे. चाटण कुणाला द्यावे, तर ज्याच्या आईला दूध नाही किंवा कमी आहे, अशांपासून यादी सुरू होते. कुणाला देऊ नये तेही आहे: अग्नी मंद असलेला, फार झोपाळू, अशी मुले. म्हणजे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला बाराव्या दिवसापासून चाटण, असा सरसकट नियम त्या अध्यायात नाही. तो आपण घराघरांत केला.

माझा सगळ्यात आवडता अध्याय वेदनांचा. बोलता न येणाऱ्या रुग्णाला काय दुखते आहे, ते ओळखायचे कसे? डोके दुखत असेल तर बाळ मान सारखी इकडे-तिकडे हलवते आणि डोळे मिटून कण्हते. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेते. पोट दुखत असेल तर दूध सोडते, उताणे पडून रडते, पोट ताठ होते. आजच्या बालरोगतज्ज्ञालाही हे परके वाटणार नाही.

सहा महिन्यांची रेघ

आता घरोघरी भांडण होते तो मुद्दा. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध, जीवनसत्त्वांचे थेंब आणि गरज पडल्यास ओआरएस, एवढाच अपवाद. कारण साधे आहे. दुधाखेरीज जे आत जाते त्याच्याबरोबर जंतू जाण्याची वाट उघडते, आणि सहाण, बोट, बोंडले, वाळलेली खारीक यांतले काहीच निर्जंतुक नसते. जुना बदाम आणि दमट खारीक यांना तर डबीतच बुरशी धरते.

आमच्याकडे पहिल्या बाळाला गुटी दिली, दुसऱ्याला सहा महिने दिली नाही. सासूबाई आठवडाभर माझ्याशी मोजकेच बोलल्या. नंतर त्यांनीच सहाण धुऊन फळीवर ठेवली.

मी ही सहा महिन्यांची रेघ पाळीन. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले, वैद्याने बाळ पाहिले, त्याने ठरवून दिलेले दोन-चार जिन्नस आणि तेही वळशांच्या मापाने, याला माझी हरकत नाही. मुडदूस होऊ नये म्हणून बाळांना दिवसाला 400 एकक 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब सांगतात. गुटीतली खारीक-बदाम त्याची जागा घेत नाहीत.

मध, वेखंड, जायफळ

मध एक वर्षापर्यंत पूर्ण बंद. जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत अनेक घरांत आहे, चाटणे तर मधाशिवाय होतच नाहीत. पण मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. 1976 मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला. सुरुवात बद्धकोष्ठाने होते, मग दूध ओढण्यातला जोर जातो, रडणे क्षीण होते, मान टाकते, पुढे श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत. अमेरिकेत नातवंडाजवळ जाणाऱ्या आजी-आजोबांच्या बॅगेत मधाची बाटली आणि गुटीची डबी असतेच. तिथला डॉक्टर मधाचे नाव काढताच का दचकतो, ते यावरून समजेल.

वेखंडाचा मान मोठा. बोबडेपणा जातो, वाचा फुटते, पोटातला वारा सरतो म्हणून ते देतात. आंघोळीनंतर त्याची पूड अंगाला लावतात, ते वेगळे. पोटात गेलेले वेखंड जास्त झाले तर उलट्या करते. ग्रंथांनीही ते वांती करवणाऱ्या द्रव्यांत धरले आहे. त्यातल्या बीटा-असारोन या घटकाने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने 1968 मध्येच ते खाण्याच्या पदार्थांतून बाद केले.

जायफळाने झोप येते हे खरे, आणि नेमकी तीच त्याची भीती. त्यातल्या मायरिस्टिसिनमुळे जादा मात्रेत गुंगी, छातीत धडधड आणि अस्वस्थपणा येतो. बाळ शांत झोपले, याचा अर्थ बाळाला बरे वाटले असा होत नाही.

गिरणगावातली गोळी

बाळाला झोपवण्यावरून मुंबईच्या इतिहासातले एक पान आठवते, ते कुणी फारसे उलटत नाही. 1920 च्या दशकातल्या सरकारी नोंदींत गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देण्याचा उल्लेख येतो. गोळीत अफू असे. आई पाळीला जाणार, चाळीच्या खोलीत बाळ शेजारणीच्या भरवशावर, पाळणाघर नाही. गोळी दिली की बाळ दिवसभर निपचित पडून राही. भूकही मरे. अशी मुले वाळत जात.

त्या बायकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यापुढे पर्याय कोणता होता, हे विचारणे अवघड. एवढे मात्र खरे, की 'देशी', 'पारंपरिक' या शब्दांखाली अफूही मावली होती. बाळ कशाने झोपते ते दर वेळी विचारायची सवय म्हणून बरी.

आणि विलायती बाटलीही काही सोवळी नव्हती. 1851 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने ग्राइप वॉटर काढले. त्यात शेपूच्या बियांचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क होता. शेपूचे बी म्हणजे आपल्या बाळंतिणीच्या शोपा! पोटातल्या वाऱ्यावर इंग्रज आया आणि मराठी आज्या एकाच बीपाशी येऊन पोचल्या. मद्यार्क काढून टाकायला मात्र कित्येक दशके लागली.

खोकला

मुलाचा खोकला घरातल्या सगळ्यांची झोप मोडतो, म्हणून औषधाची सगळ्यात जास्त घाई याच्यासाठी. 2023 च्या डिसेंबरात देशाच्या औषध नियंत्रकांनी सर्दी-खोकल्याचे एक नेहमीचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असे बजावले. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन बळी गेले. त्यांतली काही मुले नागपूरला आणली होती. तेव्हा आधुनिक औषधाची बाटली म्हणजे सुरक्षित आणि आजीचा काढा म्हणजे धोका, असे समीकरण मी मांडणार नाही.

अडुळसा तर या दोन्ही जगांत उभा आहे. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि त्यापासून अँब्रोक्सॉल. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात ती कफ पातळ करणारी औषधे ही. कुंपणावरचा अडुळसा आणि दुकानातली बाटली यांचे गोत्र एकच. गर्भवतीने मात्र अडुळसा घेऊ नये, कारण तो गर्भाशय आकुंचित करतो.

सितोपलादि चूर्ण घरोघरी असते. त्याचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आणि सुंदर आहे: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1. प्रत्येक जिन्नस आधीच्या निम्मा. हिशेब केला तर 31 भागांत 16 भाग साखरच. मुलांना ते आवडते यात नवल नाही. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साचणारी सिलिका. ती दुर्मीळ असल्याने बाजारात तिच्या नावावर बरेच काही खपते. वर्षावरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्यावर नुसता चमचाभर मधही आराम देतो, असे अभ्यासांत दिसले आहे.

बालचतुर्भद्र चूर्णात गुटीतलेच चार जिन्नस: नागरमोथा, पिंपळी, अतिविष, काकडशिंगी. ताप, जुलाब, खोकला, उलटी असे सगळे एकत्र असताना ते मधातून देतात. वर मधाबद्दल आणि अतिविषाबद्दल जे लिहिले ते दोन्ही इथे लागू.

शेगडीत ओवा, शेपा, वावडिंग टाकून बाळाला धुरी देण्याची रीत खोकल्यात तरी करू नये. आधीच घरघरणाऱ्या छातीला धूर कसा मानवेल?

जुलाब आणि जंत

जुलाबात बाळ दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिले औषध ओआरएस, सोबत आईचे दूध चालूच, मोठ्या मुलाला पेज, मऊ भात, ताक. त्याच्या जोडीला 14 दिवस जस्त: सहा महिन्यांवरच्याला दिवसाला 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्याला 10. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी 14 दिवस पुरे करायचे. कुड्याची साल, मायफळ, बेलफळाचा मगज यांचा उपयोग वैद्य करतात, पण तो या सगळ्याच्या नंतर. शी बांधली गेली, आई निर्धास्त झाली आणि बाळ आतून सुकत राहिले, हा घोटाळा टाळायचा. लघवी कमी झाली आहे का, जीभ कोरडी आहे का, टाळू आत गेली आहे का, ते पाहावे.

जंतांवर वावडिंग. दुधात किंवा पाण्यात चार दाणे टाकून उकळायचे, ही सवय अजून पुष्कळ घरांत आहे आणि ती निरुपद्रवी आहे. पण पोटात खरेच जंत असतील तर शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी घ्यावी. वर्षापुढच्या मुलांना 200 मिलिग्रॅम, दोन वर्षांपुढे 400. फेब्रुवारीत त्यासाठी खास दिवस असतो. मुलगा रात्री दात खातो म्हणजे जंतच, असे मात्र नाही.

सोन्याचे थेंब

अलीकडे पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी रांगा लागतात. काश्यपांनी सांगितले आहे ते असे: पूर्वेकडे तोंड करून, धुतलेल्या दगडावर, थोड्या पाण्यात सोने उगाळावे, मध-तूप मिसळून बाळाला चाटवावे. महिनाभराने बाळ बुद्धिमान होते आणि रोगांनी पछाडले जात नाही, सहा महिन्यांनी ऐकलेले लक्षात ठेवू लागते, अशी त्याची फलश्रुती. इथेही दगड आणि उगाळणे आलेच.

आजच्या थेंबांत बहुधा सुवर्णभस्म असते, सोबत ब्राह्मी किंवा वेखंड, आणि मध-तूप. वर्षाखालच्या बाळाला मधाचाच अडसर. मोठ्या मुलांना द्यायचे तर भस्म कुणी केले, कशाने केले, तपासले का, हे विचारावे. उत्तर टाळले तर रांगेतून बाहेर पडावे. आणि हे थेंब लसीकरणाच्या कार्डावरच्या एकाही चौकटीची जागा घेत नाहीत. 'आमच्याकडे सुवर्णप्राशन चालू आहे, लस नको' असे म्हणणारे आईबाप मला भेटले आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

पुडी विकत घेताना

2008 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी छापून आली. साधारण पाचातल्या एका औषधात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. धातूंची भस्मे असलेल्या रसौषधींत हे प्रमाण अधिक होते, पण नुसत्या वनस्पतींच्या औषधांतही ते होते. शिशाचा सर्वांत वाईट परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, म्हणजे नेमका मुलांवर. काही काजळांतही शिसे असते. तीट गालावर लावायची असेल तर लावा, डोळ्यांत नको.

म्हणून वेष्टनावर परवाना क्रमांक, घटकांची पूर्ण यादी, बॅच आणि तारीख असल्याशिवाय काही घेऊ नये. विषारी द्रव्यांची एक कायदेशीर यादी आहे. त्यातले काही असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापावी लागते. जत्रेत, रेल्वेत, बिनलेबलाच्या बाटलीत मिळणारे 'मुलांची भूक वाढवणारे' औषध सरळ नाकारावे. एकाएकी गुटगुटीत होणाऱ्या मुलाच्या बाटलीत स्टेरॉइड असू शकते.

सहाण बाजूला कधी ठेवायची

दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, मग तो कितीही कमी असो, तर थेट रुग्णालय. बाळ दूध ओढत नसेल, दिलेले सगळे उलटून टाकत असेल, झटका आला असेल, जागे करूनही जागे होत नसेल, नवजात बाळाची कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली असेल, तर यातल्या कशालाच घरात औषध नाही.

आणि श्वास. न्यूमोनियाला आपल्याकडे 'डब्बा' म्हणतात. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात. त्याऐवजी मिनिटभर श्वास मोजावा. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. फासळ्यांखाली छाती आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नये.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता, की लिहिता-वाचता आणि मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंनी हे कसे करायचे? त्यांनी एक साधे साधन बनवले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना दाई एक मणी सरकवते. वाळू संपायच्या आधी लाल मण्यापर्यंत पोचली, तर बाळाला न्यूमोनिया आहे. मोजायचे ते बाळ शांत किंवा झोपलेले असताना, अंगावरचे झबले वर करून. रडत्या बाळाचे श्वास खरे येत नाहीत.